छायाचित्र, चित्रओळ आणि विमानाची ओळख : ‘पस मॉथ’च्या निमित्ताने

लेखी साधनाला आपण जी चिकित्सा लावतो, ती छायाचित्राला क्वचितच लावतो. वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांना प्राधान्य दिले, हे आपण वर्गात शिकवितो. मात्र छायाचित्राखाली छापलेली ओळ निमूटपणे उतरवून घेतो. वस्तुतः ही चित्रओळ बहुधा नंतरच्या हाताने लिहिलेली असते. म्हणजे तिचा दर्जा बखरीचाच होय. जुन्या विमानांच्या छायाचित्रांबाबत हा दोष विशेषत्वाने जाणवतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे विमान उतरविले. पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिंटसेंट यांनी पार पाडला. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा प्रारंभ म्हणून या घटनेचा उल्लेख सर्वत्र होतो. विमान होते डी हॅव्हिलँड कंपनीचे ‘पस मॉथ’. या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९८२ मध्ये, टाटांनी वयाच्या ७८ व्या वर्षी तोच प्रवास पुन्हा केला. या वेळी विमान होते ‘लेपर्ड मॉथ’.

दोन्ही विमाने एकाच कंपनीची, एकाच घराण्यातील. दोन्हींना धडाच्या वर एकच पंख, बंदिस्त बैठक आणि नाकाशी उलटे बसविलेले इंजिन. त्यामुळे नवख्या डोळ्यास ती एकच वाटतात. आमच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीत ‘पहिले टपाल विमान, १९३२’ या ओळीसह चिकटविलेले कृष्णधवल छायाचित्र प्रत्यक्षात लेपर्ड मॉथचे होते. विमानाशेजारी उभ्या असलेल्या वैमानिकाचे केस पांढरे होते, ही गोष्ट तपासणाऱ्या आम्हा दोघांपैकी कोणाच्याही प्रथम लक्षात आली नाही, हे प्रांजळपणे नमूद करावे लागते! १९३२ मध्ये टाटा अवघे २८ वर्षांचे होते.

चेहरा बाजूला ठेवला तरी विमानाचा देहच साक्ष देतो. पस मॉथचा पंख मुळापासून टोकाजवळपर्यंत जवळजवळ सारख्या रुंदीचा असतो; लेपर्ड मॉथचा टोकाकडे निमुळता होत जातो. पस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर लेपर्ड मॉथचे धड प्लायवुडचे. हा दुसरा भेद छायाचित्रात सहसा उमगत नाही, परंतु पहिला भेद समोरून वा वरून घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसतो. एकदा ओळख पटली की कालनिश्चिती ओघानेच होते. पस मॉथचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९२९ मधील, लेपर्ड मॉथचे मे १९३३ मधील. जे विमान १९३३ च्या उन्हाळ्यापूर्वी आकाशात गेलेच नव्हते, ते ऑक्टोबर १९३२ मध्ये जुहूला उतरणे अशक्य. कागदाच्या जलचिन्हावरून बनावट दस्तऐवज पकडावा, तसाच हा प्रकार आहे.

नोंदणी-अक्षरांवर मात्र अवाजवी भिस्त ठेवू नये. भारतीय विमानांवरील ‘व्हीटी’ या अक्षरांपुढील तीन अक्षरे विशिष्ट विमान ठरवितात, हे खरे. पण अक्षरे रंगाने लिहिलेली असतात आणि संग्रहालयातील वा समारंभातील विमानावर ती नव्याने रंगविता येतात. पंखाचा आकार असा रंगविता येत नाही. चित्र केवळ बाजूने घेतलेले असेल, पंखाचा आकार कळत नसेल आणि इतर कोणतीही खूण हाताशी नसेल, तर ‘डी हॅव्हिलँडचे बंदिस्त बैठकीचे एकपंखी विमान’ एवढेच लिहून थांबणे हेच अभ्यासकाला शोभते.

याच कसोटीवर शिवकर बापूजी तळपदे यांचा विषयही तपासावा लागतो. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडविल्याचे सांगितले जाते आणि सोबत अनेकदा ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील आकृत्या छापल्या जातात. त्या आकृत्या १९२३ मध्ये बंगळूर येथील एका आरेखकाने काढलेल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा करून तो १९०४ पूर्वीचा नसल्याचे आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नसल्याचे दाखविले. तळपदे यांच्या प्रयत्नांविषयी आदर बाळगूनही, १९२३ ची आकृती १८९५ चा पुरावा ठरत नाही, हे म्हणणे भाग आहे. येथे ओळख पटविण्यासाठी छायाचित्रच समोर नाही.

ताडकळससारख्या गावातील महाविद्यालयात मूळ विमान पाहावयास मिळणे दुरापास्त. हाती येते ते पुनर्मुद्रित चित्र, तेही कापलेले व अस्पष्ट. तरीही पंखाची रुंदी मोजण्यास साधी पट्टी पुरते. त्या प्रकल्पवहीतील ओळ विद्यार्थ्याने स्वतः खोडली आणि तेथे लिहिले : ‘लेपर्ड मॉथ, १९८२ च्या स्मृतिउड्डाणाचे असावे. पस मॉथचे चित्र शोधावयाचे आहे.’