'हौशी' म्हणजे नेमकं काय?

वनस्पतिशास्त्रात 'तण' नावाचा गट नाही. कपाशीच्या तासात मागच्या हंगामाचं सोयाबीन उगवलं, तर शेतकऱ्यासाठी तेही तणच. म्हणजे हा शब्द झाडाबद्दल काही सांगत नाही. ते तिथं नको आहे, एवढंच सांगतो.

'हौशी' या शब्दाचं मला तसंच वाटतं. अमरावती-अकोल्याची मंडळी नोकरी, दुकान, कॉलेज सांभाळून रात्री तालमी करतात आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या या स्पर्धेच्या नावातच 'हौशी' आहे. तिथं अर्थ सरळ आहे: यांचं पोट नाटकावर नाही. वर्गीकरण म्हणून ठीक. पण परीक्षणात 'हौशी कलावंत असूनही' असं वाक्य आलं, की पैशाबद्दलचा शब्द गुणवत्तेचा होऊन बसतो.

आता दादरला जाऊ. १९७० च्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात जी नाटकं झाली, त्यातलेही कितीतरी नट नोकरी सांभाळूनच काम करायचे. त्यांना आपण 'प्रायोगिक' म्हणतो. तुम्ही म्हणाल, तिथं नाटकाच्या रूपाचे प्रयोग होते. मान्य. मग अकोल्याच्या नाटकाचंही रूप तपासा ना! तिथं मात्र आपण 'हौशी' म्हणून थांबतो.

उलटं उदाहरण झाडीपट्टीचं. पूर्व विदर्भात धान निघालं की तिकीट लावून रात्रभर नाटकं चालतात, नटांना पैसे मिळतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी 'व्यावसायिक रंगभूमी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुणंच येतं. म्हणजे लेबल पैशावरूनही ठरत नाही. बरंचसं अंतरावरून ठरतं.

'विनामोबदला' म्हणजे बिनखर्चाचं, हा आणखी एक गैरसमज. सभागृहाचं भाडं, रंगभूषा, लाइटवाला, नेपथ्याचा टेम्पो, सगळ्यांना पैसे द्यावेच लागतात. मोबदला मिळत नाही तो नटाला. उलट वर्गणी तोच काढतो. 'हौसेला मोल नाही' म्हणून हा हिशोब कुणी मांडत नाही, आणि तालमीसाठी स्वस्तात जागा मागायला गेलं की 'हौस आहे तर करा खर्च' असं म्हणायला समोरचा मोकळा.

अर्थात या शब्दाची सावली आमच्या मंडळींनाही आवडते. पाठांतर कच्चं राहिलं, प्रवेश लांबला, की 'आपण काय प्रोफेशनल आहो का भाऊ?' तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकानं हे का ऐकून घ्यावं?

शब्द बदलून फार काही होणार नाही. नवा शब्दही चार वर्षांत तसाच झिजेल. 'हौशी' स्पर्धेच्या अर्जावर राहू द्या. परीक्षणात मात्र तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: खर्च कुणी केला, तयारी किती होती, रंगमंचावर काय करून पाहिलं. पहिलीवरून तिसरीचा निकाल लावू नका. प्रयोगशाळेत नमुन्यावर चुकीची चिठ्ठी लागली, तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. नाटकाचंही तसंच होतं.