कार्बन-संमीलन : मोजलेले किती, मानलेले किती?

‘नेचर’मध्ये २०१८ साली ऑरोरा तुमिनो व सहकाऱ्यांनी कार्बन-संमीलनावर प्रसिद्ध केलेला शोधनिबंध कल्पक आहे, यात शंका नाही. मात्र त्यातील निष्कर्ष ‘प्रयोगाने मोजलेला’ म्हणून वर्गात सांगण्यापूर्वी तो तपासून घेणे इष्ट आहे.

जड ताऱ्याच्या गाभ्यातील हीलियम संपल्यावर तापमान सुमारे ८० कोटी अंशांवर जाते आणि कार्बनची केंद्रके एकत्र येऊन निऑन व सोडियम बनू लागतात. तेथे या टकरींची ऊर्जा साधारण २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. विद्युत-प्रतिसारणाचा अडसर तिच्या तिपटीच्या आसपास उंच असतो. त्यामुळे प्रयोगशाळेत ही अभिक्रिया इतकी विरळ घडते, की लक्ष्यात राहिलेल्या किंचित हायड्रोजनमुळे निघणारे कणही तिला झाकून टाकतात.

तुमिनो यांच्या गटाने या अडसराला वळसा घातला. नायट्रोजन-१४ म्हणजे कार्बन-१२ अधिक ड्यूटेरॉन, असे मानून त्यांनी नायट्रोजनचा झोत कार्बनवर सोडला. ट्रॉयच्या लाकडी घोड्याप्रमाणे नायट्रोजन आपल्या पोटातील कार्बनला अडसरापार नेतो आणि ड्यूटेरॉन बाहेर निसटतो. अशा रीतीने ८ लाखांपासून २७ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा आलेख मिळाला. त्यात अनेक अनुस्पंदने दिसली आणि अभिक्रियेचा वेग जुन्या अंदाजाच्या २५ पटींपर्यंत वाढला.

आक्षेप येथेच आहे. ही पद्धत आलेखाचा फक्त आकार देते; त्याची उंची वरच्या टोकाशी, प्रत्यक्ष मापनांशी जुळवून ठरवावी लागते. बाहेर पडणाऱ्या ड्यूटेरॉनवरही विद्युतभार असतो. वरच्या टोकाला तो मंद असल्याने प्रतिसारणाचा परिणाम त्याच्यावर अधिक होतो. हा परिणाम गणितात धरला नाही, तर खालचे टोक अवाजवी उंच दिसते. मुखामेदझानोव्ह व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमके हेच दाखवले. २०२० मध्ये नोत्र दाम विद्यापीठात कण आणि गॅमा किरण एकाच वेळी टिपून केलेले प्रत्यक्ष मापनही तुमिनो यांच्या आलेखाशी जुळले नाही.

याचा अर्थ ही पद्धत टाकाऊ आहे असा नाही. पण २५ पटींचा फरक खरा असेल, तर कार्बन पेटण्याचे तापमानच खाली येते आणि ताऱ्याची पुढील वाटचाल बदलते. एवढा भार पेलणाऱ्या आकड्यामागे प्रयोग किती आणि गृहीतक किती, हे निबंधात ठळकपणे वेगळे दिसायला हवे होते. विद्यार्थ्यांपुढे असा आलेख ठेवताना शिक्षकांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा : याची मोजपट्टी कोणत्या टोकाला बांधली आहे?