‘बनगरवाडी’तील मध्यस्थ

आटपाडी परिसराचा माणदेश ही व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची (१९५५) भूमी. दुष्काळाने वाडी उठते, हा कादंबरीचा शेवट केवळ निसर्गाच्या अवकृपेचा मानणे अपुरे ठरते. धनगर आणि औंध संस्थान यांच्यातील लिहिता-वाचता दुवा म्हणजे तरुण मास्तर. तालमीसाठी राजा वाडीत येतो. धान्य मात्र येत नाही, कारण भूक सत्तेपर्यंत पोचविण्याची तरतूद मास्तरांच्या हाती नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलो आणि कामावरची सुकडी आली. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती असताना १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला. विनंतीची जागा हक्काने घेतली. माडगूळकर मात्र मास्तरांच्या हतबलतेवर भाष्य करीत नाहीत (हा संयम विरळाच). मास्तर निमूटपणे वाडी सोडतात.