भीती भिंतींची नाही, विद्येच्या किमतीची

गॉथिक कादंबरी म्हटलं की पडके वाडे आठवतात. तेवढंच हवं असेल तर आपल्या वसई किल्ल्यात जेझुइटांच्या कॉलेजचे अवशेष आहेतच. पण खरी भीती असते ती विद्येच्या किमतीची. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला (१८१८) व्हिक्टर इंगोलश्टाट विद्यापीठात निर्जीव देहात प्राण घालण्याच्या मागे लागतो आणि घरच्यांना दुरावतो.

आपल्याकडे हीच वस्तू आदिपर्वात आहे. शुक्राचार्यांचा आश्रम, मेलेल्याला उठवणारी संजीवनी आणि शिकायला आलेला कच. त्याला पाठवतानाच देवांनी बजावलं होतं, देवयानीला प्रसन्न करून घे. म्हणजे प्रेम हे साधन! असुर कचाला तीनदा मारतात, दर वेळी देवयानीच त्याला बापाकडे परत मागते. तिसऱ्यांदा तर त्याची राख मद्यातून गुरूच्याच पोटात गेलेली असते.

खाडिलकरांनी ‘संगीत विद्याहरण’मध्ये (१९१३) भर दिला तो मद्यपानाच्या अनर्थावर. त्या काळी ते गरजेचं असेल, पण त्यामुळे देवयानीची तक्रार मागे पडते, असं माझं मत आहे. मूळ कथेत विद्या हाती आल्यावर कच म्हणतो, तुझ्या पित्याच्या उदरात राहिलो, तेव्हा तू माझी बहीण. तर्क बिनचूक, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. ती शापते, ही विद्या तुला फळणार नाही. तो उत्तरतो, मी शिकवीन त्याला फळेल.

देवांचं काम झालं. देवयानीचं देणं कोण फेडणार? एखाद्या नव्या नाटककाराने हा प्रश्न हाती घ्यावा.