ईयोबाच्या पुस्तकातील द्वितीय पुरुष

दुःखात ईश्वरी हेतूवर विश्वास ठेवावा, या ख्रिस्ती उपदेशाच्या पुष्ट्यर्थ ईयोबाचा दाखला नेहमी दिला जातो. याकोबाच्या पत्रात (५:११) त्याच्या धीराचा गौरव आहे. तेथील ग्रीक शब्दाचा रोख मुकाट सोसण्यापेक्षा टिकून राहण्यावर अधिक आहे. पण रूढ झाला तो मुकाट ईयोबच. त्यास आधार मिळतो तो केवळ पहिल्या दोन अध्यायांतील गद्यात. तिसऱ्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या पद्यात ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो आणि देवाकडे जाब मागतो.

या दोन ईयोबांमधील व्याकरणिक भेद मात्र पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गद्यातील त्याची शरणागतीची वचने (१:२१, २:१०) देवाविषयी, तृतीय पुरुषी आहेत. तक्रार करू लागताच तो द्वितीय पुरुषाकडे वळतो: सातव्या, दहाव्या, तेराव्या, चौदाव्या व तिसाव्या अध्यायांत तो देवाला थेट ‘तू’ म्हणतो. अलीफज, बिल्दद व सोफर देवाची बाजू हिरिरीने मांडतात, पण तिघांपैकी एकही त्याला एकदासुद्धा संबोधीत नाही.

या दृष्टीने ४२:७ मधील निवाडा पाहण्याजोगा आहे. मित्र यथार्थ बोलले नाहीत, ईयोब बोलला, असे देव अलीफजास सांगतो. येथील हिब्रू शब्दयोगी ‘एल्’ बहुतेक भाषांतरांत ‘माझ्याविषयी’ असा उतरला आहे. तो अर्थ अशक्य नाही. परंतु त्याच वचनाच्या आरंभी, त्याच क्रियापदासह, हेच ‘एल्’ निःसंशय ‘-शी’ या अर्थाने आले आहे: देव ईयोबाशी बोलला. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तर ‘माझ्यासमोर’ असा अर्थ घेतला. ‘माझ्याशी’ हा पाठार्थ स्वीकारल्यास निवाडा सिद्धान्ताच्या खरेपणापुरता राहत नाही. मित्र देवाशी बोललेच नाहीत, हा त्यांचा दोष ठरतो.

दुःखाचा हेतू सांगण्याचे काम पुस्तकात तरुण अलीहू करतो (अध्याय ३२–३७): दुःख ही ताडना, तिने मनुष्य शिकतो. प्रवचनांतून आजही ऐकू येते ती पुष्कळदा ही अलीहूचीच भूमिका, ईयोबाच्या नावावर खपवलेली. देवाच्या भाषणात (अध्याय ३८–४१) तिचा स्वीकार नाही, खंडनही नाही. स्वर्गातील पैजेची गोष्ट वाचकास ठाऊक असते, ईयोबास अखेरपर्यंत कळत नाही. कळली असती तरी तिने त्याचे समाधान झाले असते काय, याची शंकाच आहे!

मराठी वाचकास हा ‘तू’ परका नाही. विठ्ठलाशी भांडणारे तुकाराम त्याच्या कानांत असतात. हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा. त्यांचे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ईयोबाचे ‘तू’ कसे उतरले आहेत, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

ईयोबाची स्थिती पालटते ती त्याने त्याच मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर (४२:१०). त्या प्रार्थनेचे शब्द पुस्तकात दिलेले नाहीत.