फेरफार न होणारा करार

गेल्या व्याख्यानानंतर तलासरीच्या एका तरुण श्रोत्याने आम्हाला गाठलं. "सर, स्मार्ट काँट्रॅक्टमध्ये कुणालाच फेरफार करता येत नाही. मग पैसा तिथेच जास्त सुरक्षित नाही का?" प्रश्न चांगला आहे. आणि 'फेरफार' हा शब्द तर डहाणू-तलासरीत तलाठ्याच्या दप्तरातला.

स्मार्ट काँट्रॅक्ट म्हणजे इथेरियमसारख्या ब्लॉकचेनवर ठेवलेला प्रोग्रॅम. घोलवडच्या चिकू बागायतदाराचं उदाहरण घ्या. अट पुरी झाली की त्याचे पैसे आपोआप वळते होतात, व्यापाऱ्याची मर्जी लागत नाही. हा गुण आम्ही नाकारत नाही. पण अटच चुकीची लिहिली असेल, तर ती चूकही तितक्याच इमानाने अमलात येते.

जून २०१६ मध्ये 'द डाओ' या सामूहिक निधीच्या कोडमधल्या फटीतून कुणीतरी सुमारे ३६ लाख ईथर काढले. 'कोड हाच कायदा' म्हणणारे पेचात पडले. कोडनेच वाट दिली, मग चोरी कशी म्हणायची? महिन्याभरात बहुसंख्यांनी साखळीचा हिशोबच बदलून पैसे परत वळवले. ज्यांना पटलं नाही ते इथेरियम क्लासिकवर राहिले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, पॅरिटी वॉलेटचं सामाईक काँट्रॅक्ट एकाच्या हातून नष्ट झालं आणि पाच लाखांहून जास्त ईथर गोठले. तेव्हा मात्र साखळी बदलली नाही. वेदान्ती ज्याला कूटस्थ म्हणतात ते हे नव्हे. कुणाचं नुकसान भरून द्यायचं, हे माणसंच ठरवत होती. फक्त ती माणसं कुणाला उत्तरं द्यायला बांधलेली नव्हती.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सचे सुमारे दोन हजार कोटी रुपये गेले. तिथे तर सह्या करणाऱ्यांकडून अशा व्यवहाराला मंजुरी मिळवली गेली की वॉलेटचं काँट्रॅक्टच बदललं. ग्राहकांचा निवाडा पोचला सिंगापूरच्या न्यायालयात.

आता झरीकडे या. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या या गावी वारली जमले. लग्नासाठी कर्ज काढलेला लग्नगडी सावकाराच्या दारी वर्षानुवर्षं राबायचा. कर्ज खरं होतं, शब्द दिला होता, आणि म्हणूनच तो मोडावा लागला. जमिनींचंही तेच. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ चा कायदा केला. त्या व्यवहारांवर अंगठे होते, नोंदी होत्या, कागद पक्का होता. तरी कायद्याने ते उलटवण्याची वाट ठेवली. अंमलबजावणी रडतखडत झाली, ही गोष्ट वेगळी. पण दाद मागायला एक कचेरी होती, कचेरीत एक अधिकारी होता.

त्या तरुणाला आम्ही उलट विचारलं, तू पैसे घातलेस त्या काँट्रॅक्टच्या चाव्या कुणाकडे? त्याने तिथेच फोनवर शोधलं. पाच चाव्या, पैकी तीन सह्या पुरेशा. नावं कुठेच नव्हती.