‘रास्ते’ या कुलनामाची व्युत्पत्ती : प्रचलित मताचे परीक्षण

वाईच्या रास्ते घराण्याचे मूळ कुलनाम गोखले होय, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई १७३० मध्ये नानासाहेब पेशव्यांना दिली गेली आणि या सावकारी घराण्याचा राजकारणाशी निकट संबंध जडला. विश्वासराव, माधवराव व नारायणराव यांचे हे आजोळ. भिकाजींचे पुत्र गणपतराव यांनी कृष्णेच्या काठी ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ मध्ये बांधविले. एवढा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. परंतु गोखल्यांचे रास्ते कसे झाले, या प्रश्नाला जे उत्तर नेहमी दिले जाते ते जसेच्या तसे स्वीकारता येईल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रचलित मत असे : घराण्यातील कोणी पूर्वज सत्यवचनी होता, त्याची सचोटी पाहून सत्ताधीशाने त्यास ‘रास्त’ म्हणून गौरविले व तेच पुढे कुलनाम झाले. या मतात वस्तुतः दोन विधाने एकत्र गुंफलेली आहेत. ‘रास्ते’ हा शब्द फार्सी ‘रास्त’ शब्दापासून आला, हे एक. आणि तो राजाकडून किताब म्हणून मिळाला, हे दुसरे. पहिले खरे ठरल्याने दुसरे आपोआप खरे ठरत नाही. आपल्याकडील कुलेतिहासांत हा विवेक क्वचितच पाळला जातो.

प्रथम शब्दाकडे वळू. पुण्याच्या रास्ता पेठेचे नाव ऐकून नवखा मनुष्य त्याचा संबंध रस्त्याशी लावतो. ही पेठ पूर्वी शिवपुरी म्हणून ओळखली जाई. रास्त्यांवरून तिला आजचे नाव मिळाले. मराठीत मार्गवाचक शब्द ‘रस्ता’ असा आहे. त्याचे आद्याक्षर ऱ्हस्व आहे व अनेकवचन ‘रस्ते’ होते. फार्सीत मूळ शब्दाचा स्वर दीर्घ आहे हे खरे. पण कुलनाम मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी घडले असेल, तर ते ‘रस्ते’ असेच झाले असते. येथे कोणी मोडी लिपीकडे बोट दाखवील, तर तेही टिकणारे नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा घोटाळा होतो तो इकार-उकारांत. काना असणे वा नसणे हा निराळा विषय आहे. तेव्हा मार्गाची व्युत्पत्ती बाजूस ठेवणेच योग्य.

‘रास्त’ शब्दाच्या बाजूने मात्र एक अडचण आहे, आणि तिचा उल्लेख सहसा होत नाही. ‘रास्त’ हे मराठीत अविकारी विशेषण आहे : रास्त भाव, रास्त मागणी, रास्त बोलणे. त्याला एकार कोठून आला? माझ्या मते तो चित्पावनी आडनावांच्या साच्यातून आला. गोखले, साठे, रानडे, लेले ही नावे रूपाने आदरार्थी अनेकवचनासारखी असून त्यांची सामान्यरूपे गोखल्यांचा, साठ्यांचा अशी होतात. ज्या घराण्याचे जुने नावच गोखले, त्याला चिकटलेले विशेषण याच वळणावर जाणे स्वाभाविक होते; म्हणून रास्ते, रास्त्यांचा. ग्रँट डफच्या इतिहासात (१८२६) या नावाचे ‘रास्तिया’ असे रूप आढळते. त्याच्या कानावर ‘रास्त्यांचा’, ‘रास्त्यांस’ ही सामान्यरूपे पडत असली पाहिजेत. पेठेच्या नावातील ‘रास्ता’ हे त्याच नामाचे लोकांनी पाडलेले एकवचन समजावे.

आता किताबाची कथा. चारित्र्यगुणावरून कुलनाम पडणे ही केवळ आपलीच रीत नाही. जर्मन भाषेत ‘एर्लिख’ हे कुलनाम आहे. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे वैद्यकशास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांच्यामुळे ते सर्वांना परिचित आहे. आज त्या शब्दाचा अर्थ ‘प्रामाणिक’. मध्ययुगीन जर्मनमध्ये मात्र तो ‘प्रतिष्ठित, मानास पात्र’ असा होता. शिवाय सम्राट दुसरा योसेफ याच्या १७८७ च्या आज्ञेने हॅब्सबर्ग राज्यातील यहुदी कुटुंबांना कायम कुलनाम घेणे भाग पडले, आणि अशा वेळी चांगल्या अर्थाची नावे पुष्कळांनी पत्करली. अशा नावावरून पूर्वजाच्या सचोटीची गोष्ट रचणे सोपे असते, पण नाव हा त्या गोष्टीचा पुरावा नव्हे.

रास्त्यांच्या बाबतीत दरबारापेक्षा पेढीकडे पाहणे मला अधिक सयुक्तिक वाटते. भिकाजींच्या नावातील ‘नाईक’ हे उपपद सावकारीचे द्योतक आहे. फार्सी ‘रास्त’ शब्दात सरळ, बरोबर, खरे या तिन्ही छटा आहेत, आणि देवघेवीत ज्याचा हिशेब बरोबर उतरतो त्याला हे विशेषण कुळांनी व व्यापाऱ्यांनीच लावले असणे संभवते. हे अनुमान आहे, हे मी लपवीत नाही. परंतु त्यासाठी राजाची गरज लागत नाही, हा त्याचा गुण. सावकाराला बाजाराने दिलेले नाव पेशव्यांचे व्याही होताच राजदत्त ठरावे, यात आश्चर्य कसले?

वाईजवळच मेणवली आहे. तेथील नाना फडणीसांचे मूळ कुलनाम भानू. ‘फर्द’ आणि ‘नवीस’ या फार्सी शब्दांनी ते मागे सारले. भट पेशवे झाले, तेही फार्सी पदनामानेच. मात्र फडणीस, चिटणीस, पोतनीस, पेशवे ही सारी अधिकारपदे आहेत. त्यांच्यामागे नेमणूक असते, सनद असते. ‘रास्ते’ हे पद नव्हे, गुणवाचक विशेषण आहे, आणि विशेषणाची सनद निघत नाही. म्हणूनच या नावाचा शोध घेणाऱ्याने इनामांच्या यादीपेक्षा सावकारी खतावण्या आणि कर्जरोखे आधी चाळावेत. ज्या कागदात एकाच पुरुषाला एकदा गोखले व एकदा रास्ते म्हटले असेल, त्या कागदाची मिती कोणत्याही बखरीतील कथेहून अधिक मोलाची आहे.